आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न: आजारी शॅमेलियनची घरची शुश्रूषा

शॅमेलियन भर दुपारी डोळे मिटून बसला असेल तर तो झोपलेला नाही, आजारी आहे. निरोगी शॅमेलियनचे डोळे दिवे लागल्यापासून मालवेपर्यंत सतत फिरत असतात, एक इकडे, एक तिकडे. दिवसा मिटलेला डोळा हे या प्राण्याचं सर्वांत मोठं आणि बहुतेकदा उशिरा आलेलं लक्षण आहे. रानात अशक्त दिसला की कुणीतरी उचलून नेणार, म्हणून तो शेवटपर्यंत आजार लपवतो. 'कालपर्यंत चांगला होता' असं मालकाला वाटतं, तेव्हा आजार बहुधा काही आठवड्यांचा असतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडचा सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलियन, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तो घरी पाळता येत नाही, आणि जखमी सापडला तरी घरी उपचार करत बसायचं नसतं. महाराष्ट्रात वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं. पुढचं सगळं आहे ते येमेनी (व्हेल्ड) आणि मादागास्करच्या पँथर शॅमेलियनबद्दल. अमेरिका-युरोपातल्या मराठी घरांत, विशेषतः मुलांच्या हट्टापायी, हेच दोन येतात. भारतात कुणाकडे असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठणं हे पहिलं काम. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला यातलं कळतंच असं नाही. सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची एआरएव्ही ही संघटना आहे, तिच्या यादीत जवळचं नाव शोधता येतं. पण अपॉइंटमेंट दोन दिवसांनंतरची मिळते, आणि उपचार सुरू झाल्यावरही पुढचे कित्येक आठवडे प्राणी तुमच्याच घरात असतो. बरं होणं किंवा न होणं बरंचसं तिथे ठरतं.

घरी सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमाची. प्राणी खात नाही म्हणून घाबरून माणूस आधी तोंड उघडून काहीतरी भरवतो. शॅमेलियनच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली तरच जठर हलतं आणि पाचक रस कामाला लागतात. थंड शरीरात गेलेलं अन्न पोटात सडतं किंवा उलटून पडतं. शरीरात पाणी कमी असताना प्रथिनं गेली तर त्यांतून तयार होणारं युरिक आम्ल मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही. ते सांध्यांत आणि अवयवांवर साचतं आणि गाउट होतो. म्हणून आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न सगळ्यात शेवटी.

आजारपणाचा पिंजरा

नेहमीचा उंच पिंजरा आजाऱ्याच्या कामाचा नाही. अशक्त शॅमेलियन सवयीनं वर चढतो आणि पकड सुटली की खाली आपटतो. सुमारे 40 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, 50-60 सेंटिमीटर उंचीचा जाळीचा पिंजरा पुरतो. फांद्या तळापासून 15-20 सेंटिमीटरवर आडव्या बांधा. पंजा अर्ध्याहून जास्त वेढेल एवढ्याच जाडीच्या घ्या. गुळगुळीत काठीवर चिकटपट्टी नसलेलं, स्वतःलाच चिकटणारं बँडेज गुंडाळलं की पकड चांगली बसते. तळाशी दुमडलेला टॉवेल, त्यावर पांढरा किचन पेपर. माती, नारळाचा भुसा काही नको. विष्ठा दिसली पाहिजे आणि रोज कागद बदलता आला पाहिजे. तीन बाजूंना कापड लावा. सतत माणसं दिसत राहणं हाच या प्राण्याला मोठा ताण असतो.

ऊन खाण्याच्या फांदीवर प्रौढ नरासाठी 29 ते 31 अंश सेल्सिअस, मादीसाठी 27 ते 29. पिंजऱ्याचा उरलेला भाग 24-25. निरोगी शॅमेलियनला रात्री बराच गारवा चालतो, उलट मानवतोच. आजाऱ्याला मात्र 21-22 च्या खाली जाऊ देऊ नका. रात्री लाल-निळे दिवे नकोत. लागलाच तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटसह आणि जाळीबाहेर. तापमान मोजायचं ते प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर, प्रोबच्या (वायरच्या टोकाला संवेदक असलेल्या) तापमापकानं. पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवलेला गोल तापमापक निव्वळ शोभेचा. आणि आजारी आहे म्हणून दिवा जवळ आणू नका. थंडी वाजणारा शॅमेलियन डोक्यावरचा तुरा दिव्याला जवळजवळ टेकवून बसतो आणि भाजेपर्यंत हलत नाही.

यूव्हीबीसाठी, म्हणजे हाडं घट्ट राहायला लागणाऱ्या अतिनील किरणांसाठी, लांब टी5 नळी (बारीक ट्यूबलाइट) हवी, 5 किंवा 6 टक्के यूव्हीबीची, पाठीपासून 20-25 सेंटिमीटरवर. वेटोळ्याचे छोटे बल्ब पुरत नाहीत. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. नळी दिसायला पेटलेली असली तरी तिचा यूव्हीबी हळूहळू उतरतो, म्हणून वर्षानं बदलावी लागते. हाडं मऊ झालेले बहुतेक शॅमेलियन असल्याच जुन्या नळीखाली बसलेले असतात. दिवे 12 तास, त्याहून जास्त नाही.

पाणी

विष्ठेसोबत येणारा युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या युरिक आम्लाचा, गोळा बघा. पांढरा असेल तर ठीक. टोकाला थोडा पिवळसर असेल तर पाणी वाढवा. सगळा नारिंगी आणि खडूसारखा कोरडा असेल तर पाणी खूप कमी झालंय. डोळ्यांचे बुरूज, म्हणजे डोळ्यांभोवतीचे कातडीचे फुगीर उंचवटे, खोल गेले असतील तर अर्थ तोच.

शॅमेलियन वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरून ओघळणारा थेंब त्याला कळतो. सलाईनची नवी नळी घेऊन दोन सेकंदांना एक थेंब पानावर पडेल असं ठिबक लावा, पाणी कोमट. सकाळी दिवे लागण्याआधी दोन मिनिटं बारीक फवारणी. थंड देशांतल्या हिवाळ्यात घरातल्या हीटिंगनं हवा अगदी कोरडी होते, त्यामुळे रात्री ओलावा वाढवणं बरं. पण गरम, ओली आणि कोंडलेली हवा फुप्फुसांच्या संसर्गाला आमंत्रण असते. दोन फवारण्यांच्या मध्ये पानं पूर्ण सुकली पाहिजेत.

स्वतःहून पीत नसेल तर सुई काढलेल्या 1 मिलिलिटरच्या सिरिंजनं ओठाच्या कडेला एक-एक थेंब लावायचा. चाटू द्यायचं, गिळू द्यायचं, मग पुढचा. सर्वसाधारण गरज किलोमागे दिवसाला 15 ते 25 मिलिलिटर. म्हणजे 120 ग्रॅमच्या नराला 2 ते 3 मिलिलिटर, तीन वेळांत वाटून. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी, तोंडाच्या तळातच उघडतं. मधोमध जोरात पिचकारी मारली तर पाणी थेट फुप्फुसात जातं. गिळणं थांबलं असेल तर तोंडावाटे काहीच देऊ नका. तेव्हा कातडीखालून पाणी द्यावं लागतं, आणि ते पशुवैद्यानं करायचं काम आहे.

टबमध्ये बुडवून बसवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो दाढीवाला ड्रॅगन (बिअर्डेड ड्रॅगन) या पाळीव सरड्याकडून उसना आणलेला आहे. शॅमेलियन झाडावरचा प्राणी, पाण्यात उभं केलं की तो भेदरतो, आणि अशक्त असेल तर तोंड पाण्यात जातं. डोळ्यात कचरा असेल तर 0.9 टक्के सलाईनचे थेंब सोडा आणि लांब कोमट फवारणी करा. बुरूज फुगवून, डोळा आत फिरवून तो स्वतःच कचरा बाहेर काढतो. बोटानं चोळू नका.

अन्न

प्राणी दिवसभर ऊब घेतोय, पाणी पितोय, युरेट पांढरं होतंय, असं दिसल्यावर अन्नाचा विचार. आधी त्याला स्वतः खायची संधी द्या. रेशमाच्या किड्याची अळी किंवा हॉर्नवर्म ही जाड हिरवी अळी मऊ आणि पाणीदार असते, ती चिमट्यानं जवळ धरा. जीभ बाहेर पडत नसली तरी काही जण जबड्यानं उचलतात. पिंजऱ्यात रातकिडे मोकळे सोडायचे नाहीत. रात्री ते अशक्त प्राण्यालाच कुरतडतात.

तरी खात नसेल आणि वजन उतरत असेल, तर मांसाहारी प्राण्यांसाठीची आजारपणातली पूड मिळते, ती पाण्यात पातळ कालवून. मांजराचं डबाबंद अन्न नको, प्राणिज प्रथिनांचा तो मारा गाउटला बोलावतो. पहिल्या वेळी किलोमागे 5 मिलिलिटर पुरे, म्हणजे 120 ग्रॅमला जेमतेम 0.6. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झपाट्यानं उतरतं, आणि 'काल पोटभर जेवला, आज मेला' असं घडतं. चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा.

तोंड उघडण्यासाठी बळजबरी कमीत कमी. चिडलेला शॅमेलियन स्वतःच आ वासतो, तेवढ्या क्षणी सिरिंजचं टोक बाजूनं आत. नाहीच उघडलं तर मऊ रबरी पट्टी जबड्याच्या कडेतून हळूच सरकवा. गळ्याची कातडी धरून जबडा खाली खेचणं टाळा. हाडं मऊ असतील तर जबडा वाकतो किंवा मोडतो. भरवून झालं की डोकं वर राहील असं फांदीवर ठेवा, पुढचे तीन-चार तास ऊब चालू. म्हणजे भरवायचं सकाळी, संध्याकाळी नाही.

आजार ओळखताना

नाक आकाशाकडे करून तोंड उघडून श्वास, टक-टक आवाज, तोंडात तार सुटणारा चिकट द्रव: फुप्फुसाचा संसर्ग. अतिगरमीतही तोंड उघडतं, म्हणून आधी तापमान बघा, पण नाक वर नसेल आणि आवाज नसेल तरच निर्धास्त व्हा. याला अँटिबायोटिक लागतंच. अनेकदा सेफ्टाझिडीम देतात, बहुधा 72 तासांनी एक इंजेक्शन. मात्रा प्राण्याच्या वजनावरून पशुवैद्यच ठरवतो. भरलेल्या सिरिंजा फ्रीझरमध्ये ठेवायच्या, एकेक काढून मुठीत वितळवायची, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. टोचायचं शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात, खांद्याच्या स्नायूत, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. आज डावा, पुढच्या वेळी उजवा, वहीत नोंद करून. एन्रोफ्लोक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनं टोचल्या जागी कातडी काळी पडते, कधी मांसही सडतं, म्हणून पर्याय आहे का ते विचारा.

वाकलेले पाय, रबरासारखा जबडा, फांदी सोडून स्वतःचाच पाय पकडणं: कॅल्शियमचा अभाव. अशाला कधीही पायाला धरून ओढून काढू नका. सगळी फांदीच उचला. खाण्यावर कॅल्शियमची पावडर शिंपडून हे बरं होत नाही. द्रव कॅल्शियम लागतं, मात्रा एक्स-रे बघून ठरते. घाबरून डी3 जीवनसत्त्व जास्त देणंही वाईट, कॅल्शियम मग अवयवांत साचतं.

ओठांच्या कडेला पिवळा, दह्याच्या गोळ्यासारखा पू म्हणजे तोंडाचा संसर्ग. तो खरवडायचा नाही. सुजलेले, दुखरे सांधे म्हणजे गाउटची शंका. विष्ठा पातळ किंवा दुर्गंधी असेल तर ताजा नमुना डबीत, फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे), 24 तासांच्या आत तपासायला द्या. जंताचं औषध अंदाजानं देऊ नका.

मादीचं प्रकरण वेगळं. येमेनी मादी नराशिवायही अंडी घालते, पाच-सहा महिन्यांची असतानाच सुरुवात होऊ शकते, आणि एका खेपेला 20 ते 60, कधी जास्तही. ती अस्वस्थ फिरत असेल, तळ खरवडत असेल, तर 30 सेंटिमीटर खोल, बोगदा ढासळणार नाही इतपत ओल्या वाळूचं भांडं द्या आणि पिंजरा झाका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडते. खणून खणून अंडी न घालता तळाशी डोळे मिटून बसली तर त्याच दिवशी दवाखाना. घरी थांबून तिथे काहीही साधत नाही.

दवाखान्यात नेताना छोट्या खोक्यात आडवी काठी, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला, आतलं तापमान 24 ते 27, वरून अंधार. सोबत पिंजऱ्याचा फोटो, दिव्यांची नावं आणि तारखा, पावडरींचे डबे. पशुवैद्याचे पहिले दहा प्रश्न यावरच असतात.

वजन एक दिवसाआड, सकाळी, भरवण्याआधी. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. त्यावर काठीचा स्टँड ठेवून शून्य करा आणि त्याला चालत जाऊ द्या. दहा टक्के घट झाली तर पशुवैद्याला फोन. हात प्रत्येक वेळी साबणानं धुवा, साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू सरपटणाऱ्या प्राण्यांत नेहमीचा. पाच वर्षांखालच्या मुलाला या कामात घेऊ नका, आणि सिरिंजा किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका.

काही वेळा थांबावं लागतं. ऊब, पाणी, औषध सगळं देऊनही पकड येत नाही, गिळता येत नाही, तर शांतपणे मरण देण्याबद्दल पशुवैद्याशी बोला. फ्रीझरमध्ये ठेवणं ही जुनी पद्धत क्रूर आहे. मृत्यूची खात्रीही डॉक्टरकडूनच करून घ्या. सरपटणाऱ्या प्राण्याचं हृदय बाकी हालचाल थांबल्यावरही बराच वेळ धडधडतं.

बरा होत असेल तर आधी रंग परत येतो, मग पकड, मग चिडचिड. फुत्कारून हातावर धावून आला तर भरवणं कमी करायची वेळ आली. सिरिंज एक दिवसाआड करा आणि मधल्या दिवशी पांढऱ्या वाटीत दोन-तीन अळ्या ठेवा, आधी तोंडाशी, मग 5 सेंटिमीटरवर, मग 10. आजारात जीभ बऱ्याचदा आखूड पडते, ती लांबायला आठवडे लागतात. लांबलेल्या जिभेनं सलग आठवडाभर स्वतः खाल्लं आणि वजन टिकलं, की फांद्या थोड्या थोड्या वर सरकवायला घ्या.