पंप सुरू होताच रीसेट

झाडांना ठरावीक वेळी पाणी देणारे एक छोटे सर्किट मी ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय भाग जोडण्याच्या फळीवर) जोडले होते. पंपाच्या जागी एलईडी लावून तपासले तेव्हा ते रात्रभर बिनचूक चालले. मात्र रिलेमार्फत (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) खरा पंप जोडताच मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सर्किट चालवणारी प्रोग्राम केलेली चिप, पंप सुरू होताना दर वेळी रीसेट होऊ लागला. मल्टीमीटर ५ व्होल्ट दाखवत असल्याने वीजपुरवठ्यावर संशयच आला नाही आणि दोन संध्याकाळी मी प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात घालवल्या.

मल्टीमीटर सेकंदाला मोजकीच मापे घेतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांपुरती होणारी व्होल्टेजची घसरण त्याला दिसत नाही. डीसी मोटर स्थिर असताना तिच्यात विरोधी विद्युतदाब (फिरताना मोटरमध्येच निर्माण होणारा, प्रवाहाला अडवणारा दाब) नसतो, म्हणून सुरुवातीच्या क्षणी ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि तो बारीक तारांमधून व ब्रेडबोर्डच्या सैल पट्ट्यांमधून जाताना मायक्रोकंट्रोलरच्या वाट्याचे व्होल्टेज कमी होते. व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे बदल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर ही घसरण लगेच दिसली.

पंपाला अडॅप्टरपासून थेट स्वतंत्र तारा दिल्या, मायक्रोकंट्रोलरच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि शेजारी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवला; साठवलेला विद्युतभार देऊन ते अशी क्षणिक घसरण भरून काढतात. आळसापोटी वगळलेला १एन४००७ डायोडही (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) रिलेच्या कॉइलवर उलट्या दिशेने, म्हणजे पट्टी धन बाजूकडे ठेवून जोडला. तो नसेल तर कॉइलचा प्रवाह तुटताना उसळणारे व्होल्टेज रिले चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर निकामी करू शकते. रीसेट थांबले. आता पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) आखताना मोटरचा ग्राउंड ट्रॅक, म्हणजे प्रवाह परतण्याची तांब्याची पट्टी, वेगळा आणि रुंद ठेवतो आहे.