फ्रँकलिनची जहाजं कुठे आहेत, हे त्यांना माहीत होतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. उत्तर कॅनडाच्या बर्फाळ मुलखातल्या इन्युइट लोकांच्या गोष्टी कुठेही सांगितल्या की शेवटी कुणीतरी विचारतंच, "त्या लोकांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. मग तोंडी चालत आलेल्या या गोष्टींत खरं किती धरायचं?"

समुद्राची देवी सेडना तळाशी राहते आणि तिच्या तुटलेल्या बोटांचे सील झाले, ही कथा जिथे सांगितली जायची, तिथेच शिकारीच्या हकिकतीही रंगायच्या. दोन्हींतला फरक पोराटोरांनाही कळायचा. सूर्य कित्येक आठवडे उगवायचा नाही. दगडी दिव्यात सीलच्या चरबीचं तेल असायचं, काठावर शेवाळाची वात. घरातली बाई ती काडीने सारखी करत राहायची, नाहीतर काजळी धरायची. त्या उजेडात कुणी सांगायचं, अमुक खाडीतला बर्फ कधी फुटतो, पातळ कुठे असतो. यात थापा मारून कसं चालेल? ऐकणारा उद्या त्याच बर्फावरून जाणार असायचा. म्हणून तिथली जुनी माणसं आधीच सांगतात, की हे मी स्वतः पाहिलंय आणि हे मी अमक्याकडून ऐकलंय.

ब्रिटिश नौदलातले सर जॉन फ्रँकलिन 1845मध्ये 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारा समुद्रमार्ग शोधायला निघाले आणि 129 माणसं परतलीच नाहीत. 1854मध्ये जॉन रे या डॉक्टरांना इन्युइटांकडून कळलं, की ते लोक उपासमारीने मेले आणि शेवटी शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडनमध्ये गहजब झाला. खुद्द चार्ल्स डिकन्सनी लिहिलं, की रानटी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, त्यांनीच आपल्या माणसांना मारलं नसेल कशावरून? हे वाचताना मला आजही संताप येतो. 1992मध्ये त्याच मुलखातल्या किंग विल्यम बेटावर मिळालेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या. त्यांतला एक जबडा एरेबसचे कप्तान फिट्झजेम्स यांचा होता, हे 2024मध्ये डीएनएवरून ठरलं.

जहाजाची हकिकत तर इतकी बारीक आहे! बेटाच्या दक्षिणेकडे बर्फात अडकलेल्या जहाजावर इन्युइट चढले. आत एक धिप्पाड माणूस मरून पडला होता, त्याला उचलायला पाच जण लागले. आत शिरण्यासाठी त्यांनी जहाजाला भोक पाडलं. पुढे बर्फ वितळल्यावर जहाज बुडालं, पण डोलकाठ्या पाण्यावर दिसत राहिल्या. 1869मध्ये चार्ल्स हॉल या अमेरिकन शोधकाने हे ऐकून टिपून ठेवलं. एरेबस सापडलं 2014मध्ये, त्याच भागात, जेमतेम अकरा मीटर पाण्यात. दोन वर्षांनी किंग विल्यम बेटावरच्या जोआ हेवन या इन्युइट गावच्या सॅमी कोगविक यांनी शोधपथकाला सांगितलं, की एका खाडीत बर्फातून वर आलेलं लाकूड आपण पाहिलंय. पथकाने जहाज तिकडे वळवलं आणि टेरर मिळालं.

त्याच गावच्या लुई कमूकाक यांनी लहानपणी पणजीकडून फ्रँकलिनच्या लोकांच्या वस्तूंबद्दल ऐकलं होतं. पुढे तीसहून अधिक वर्षं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे बसून अशा हकिकती जमवत राहिले. 2018मध्ये ते गेले, पण दोन्ही जहाजं मिळालेली त्यांनी पाहिली. उन्हाळ्यात त्या जागांवर आता जोआ हेवनचीच माणसं तंबू ठोकून पहारा देतात.