ड्रायव्हर जागेवर, तरी ग्राफिक्स कार्ड बंद

आर्किटेक्टच्या ऑफिसातला डेस्कटॉप. उबुंटू 22.04 (लिनक्स), जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडियाचा 535 मालिकेतला ड्रायव्हर. शनिवारी सगळं नीट होतं. सोमवारी स्क्रीन 1024 × 768 वर अडकलेली, दुसरा मॉनिटर काळा, आणि ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवलं की चित्र अडखळत हलायचं. तिथल्या मुलांनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता, तरी काही फरक नाही.

अशा वेळी ड्रायव्हरला हात लावण्याआधी कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, म्हणणं ऐकावं. सेटिंग्जच्या ‘अबाउट’ पानावर ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसत होतं, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर काढत होता. जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ कमांडच्या यादीत कार्ड होतं, पण त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नव्हती. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा भाग) बांधणाऱ्या डीकेएमएसच्या मते ते चालू कर्नलसाठी तयार होतं, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या हेडर फाइल्सची भानगड नव्हती. मग ते ‘मॉडप्रोब’ कमांडने हाताने चढवून पाहिलं. उत्तर आलं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे चावी नाकारली.

इथे निदान झालं. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय, चालू असलं की ओळखीच्या डिजिटल चावीची सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. डीकेएमएस मॉड्यूल मशीनवरच बांधतं आणि तिथल्याच चावीने सही करतं. ती चावी फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नोंदवलेली नसेल तर सही असून उपयोग नाही. नूव्हो या लिनक्समधल्या मुक्त ड्रायव्हरला एनव्हिडियाच्या पॅकेजने आधीच बाद केलेलं असतं, त्यामुळे उरतो फर्मवेअरने दिलेला साधा फ्रेमबफर, म्हणजे जेमतेम चित्र दाखवण्याची सोय.

“ड्रायव्हर टाकल्यावर निळी स्क्रीन आली होती का?”

“हो सर, आली होती. वाचेपर्यंत गेली.”

ती निळी स्क्रीन म्हणजे चावी नोंदवायची जागा. दहा सेकंदांत बटण दाबलं नाही की मशीन पुढे निघून जातं आणि विनंती पुन्हा द्यावी लागते. चाव्या नोंदवणाऱ्या ‘मोकयुटिल’ कमांडला इम्पोर्ट सांगून ‘व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक’ फोल्डरमधली चावीची फाइल दिली, तात्पुरता पासवर्ड ठेवला, रीबूट केलं. निळ्या स्क्रीनवर ‘एन्रोल मोक’ (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची चावी), ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग पासवर्ड. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, म्हणून पासवर्ड सोपाच ठेवावा. पुढच्या बूटला दोन्ही मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनवर आले.

पण शनिवारी बंद असलेलं सिक्युअर बूट सोमवारी चालू कसं झालं? बायॉसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागची दिसली. तारीख आणि सेटिंग्ज जपणारा मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला होता. ऑफिस बंद करताना मेन स्विच काढतात. रविवारभर वीज नाही, सेलही नाही, म्हणून बायॉस मूळ सेटिंग्जवर गेला, आणि या बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये सिक्युअर बूट चालू असतं. डेस्कटॉपवरचं घड्याळ इंटरनेटवरून लगेच दुरुस्त होत असल्याने कुणाला शंकाच आली नाही.

सिक्युअर बूट सरळ बंद करता आलं असतं, पण सेल पुन्हा संपला की तेच दुखणं परत. चावीची नोंद बोर्डवरच्या फ्लॅश मेमरीत राहते, सेलवर अवलंबून नसते. उबुंटूकडे आधीच सही केलेली एनव्हिडिया मॉड्यूल्सही मिळतात. नवीन मशीन लावताना मी तीच टाकतो.

नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवला, तारीख लावली, मेन स्विच थोडा वेळ काढून पुन्हा लावला. तारीख टिकली होती आणि ड्रायव्हरला दिसणारी कार्डं सांगणाऱ्या ‘एनव्हिडिया-एसएमआय’च्या तक्त्यात कार्डाचं नाव होतं.