भरल्या गाडीचा काटा

मापाऱ्याचं काम म्हटलं तर साधं. गाडी काट्यावर घ्यायची, भरलेलं वजन लिहायचं, कापूस गंजीवर खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा मोजायची आणि वजाबाकी करून पावती फाडायची. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात मी हे काम करतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवायची नाहीत. ही आज्ञा रविवारच्या उपासनेत नुसती ऐकता येते, पाळायची मात्र काट्यावरच.

डिसेंबरात अवकाळी पाऊस होऊन गेला आणि दोन दिवसांनी आवार पुन्हा सुरू झालं. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागली होती. नऊ गाड्या मोजून झाल्या होत्या. दहावी ट्रॉली एका वयस्क शेतकऱ्याची. आकडा लागला ५,५८० किलो. त्यांनी खिशातून गावाजवळच्या धर्मकाट्याची चिठ्ठी काढली, तिच्यावर ५,६४० होतं.

"भाऊ, तुम्ही चर्चात जाता नं? मंग येशूची आण घेऊन सांगा, काटा बराबर हाय का?"

आण आम्ही घेत नाही. होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच बोलावं, असं प्रभूनं सांगितलंय. पण मग ते 'होय' खरं असायला पाहिजे, आणि तपासल्याशिवाय ते कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"काका, आण नाही घेत. तपासून सांगतो," म्हटलं आणि मागची गाडी थांबवली. मुनीमजी चिडले. हमालांची मजुरी क्विंटलवर असते, गाडी थांबली की त्यांचंही नुकसान, त्यामुळे तेही कुरकुरले.

अशा वेळी आधी दोन चिठ्ठ्यांवरची भरलेली वजनं जुळवायची, निव्वळ कापसाची नाही. गावच्या काट्यावर ड्रायव्हर बसून होता की उतरला होता, ट्रॉलीवर आणखी कोणी होतं का, हे विचारायचं. ड्रायव्हर दोन्ही वेळा बसलेला असला किंवा दोन्ही वेळा उतरलेला असला तर निव्वळ वजनात फरक पडत नाही. भरलेली मोजताना बसला आणि रिकामी मोजताना उतरला, की साठ-सत्तर किलो हवेतले येतात. काकांचा पोरगा तिथंही उतरला होता, इथंही.

मग ट्रॅक्टर पुढं घेऊन गाडी काट्याच्या पार पुढच्या टोकाला उभी केली. ५,६३०. मधोमध, ५,५८०. फाटकाकडच्या टोकाला, ५,५७०. गाडी तीच, भार तोच, आकडे मात्र तीन. काट्याचा प्लॅटफॉर्म खालच्या लोडसेलवर, म्हणजे भार मोजणाऱ्या सेन्सरवर, मोकळा बसलेला असावा लागतो, चारही बाजूंनी फट पाहिजे. त्या फटीत मी लोखंडी पट्टी फिरवत नेली. फाटकाकडच्या कोपऱ्यात ती अडकली. झाकण उचललं तर आत काळी माती आणि गिट्टी. टायरांनी आणलेला चिखल पावसात आत गेला आणि उन्हानं वाळून दगडासारखा झाला. वर भार आला की प्लॅटफॉर्म थोडा दबतो, त्या गिट्टीवर टेकतो आणि तेवढा भार लोडसेलवर न जाता जमिनीत जातो.

यातली खरी फसगत इथंच आहे. रिकामी गाडी हलकी, प्लॅटफॉर्म फारसा दबत नाही, म्हणून तिचं वजन बरोबर येतं. सकाळी शून्यही बरोबर दिसतं. फक्त भरलेली गाडी कमी भरते आणि नुकसान प्रत्येक वेळी शेतकऱ्याचंच होतं. कोणाच्या मनात पाप नसतानाही.

कुदळीच्या टोकानं माती फोडली, झाडूनं काढली, पाणी मारलं नाही. पाणी मारलं तर चिखल आणखी आत जातो आणि लोडसेलच्या वायरींनाही धोका असतो. वैधमापन खात्याच्या सीलला हात लावायचा नसतो. आतलं जुळवणं परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं काम आणि त्यानंतर काटा पुन्हा मुद्रांकित व्हावा लागतो. साफसफाईला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. त्यानंतर तीच ट्रॉली तिन्ही जागी ५,६३०. गावच्या काट्याशी उरलेला दहाचा फरक म्हणजे आमच्या काट्याचा एक टप्पा, आकडा दहा-दहानंच बदलतो; तो धरून चालायचा.

पन्नास किलो. त्या दिवशीच्या ७,२०० च्या भावानं ३,६०० रुपये.

काकांचं मिटलं, पण आधीच्या नऊ गाड्यांचं काय? त्यांचा कापूस गंजीत मिसळलेला, फेरवजन अशक्य. मुनीमजींचं म्हणणं, झालं ते झालं. आमोस संदेष्ट्यानं ज्या व्यापाऱ्यांना फटकारलं, ते शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो आणि माप लहान करून धान्य कधी विकतो याची वाट बघत होते. मला तो उतारा नेहमी सोमवारचा वाटतो. कमी मापातल्या पैशाचा दशांश दानपेटीत टाकून ते माप पुरं होत नाही. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानंही नुसता पश्चात्ताप सांगितला नाही, चौपट परत देतो म्हणाला.

चौपट कोणी मागत नव्हतं. मी नऊही पावत्यांच्या स्थळप्रतींवर 'काटा अडकलेला, साफ केल्यानंतर फरक ५० किलो' असं लिहून सही केली आणि त्या बाजार समितीच्या निरीक्षकांसमोर ठेवल्या. हलक्या गाड्यांना फरक कमी पडला असणार, त्यामुळे बोलणी लांबली. शेवटी ट्रॉल्यांना ४० आणि पिकअपला १५ किलो वाढवून द्यायचं ठरलं. सहा जण पैशासाठी आवारातच बसलेले होते, त्यांच्या पावत्या तिथंच बदलल्या. गेलेल्यांपैकी दोघांना फोन लागला. तिसऱ्याची रक्कम नोंदवहीत नावानं जमा आहे, त्याच्या गावच्या हमालाकडे निरोप दिलाय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, देवानं काय केलं याच्या साक्षी होतात त्या बहुतेक आजारातून बरं झाल्याच्या, नोकरी लागल्याच्या. त्या खऱ्याच आहेत. पण काट्यावर, रेशन दुकानात, दुधाच्या डेअरीवर बसणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी आपल्या कामाचीही साक्ष द्यावी, आणि ती देताना माप कसं तपासलं तेही सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

आता आवारात पाऊस पडून गेला की पहिली भरलेली गाडी तीन जागी उभी करून मोजतो. दहा मिनिटं जातात. पट्टी फिरवायचं काम एका हमालाला शिकवलंय. आकड्याचा डबा शेतकऱ्याच्या बाजूला वळवून ठेवलाय, आणि नमुन्यासाठी काढलेला कापूस हमालांच्या पोत्यात न जाता त्याच्याच गाडीत परत पडतो. त्यावरून अजून वाद होतात.