सईदचे घर

मात्यू कासोवित्झ यांचा ‘ला हेन’ हा १९९५ सालचा फ्रेंच चित्रपट शहराच्या कडेला वाढणाऱ्या मुलांविषयीचा माझा सर्वांत आवडता चित्रपट आहे, आणि म्हणूनच त्यातली एक उणीव मला दरवेळी अधिक टोचते. पॅरिसबाहेरच्या वसाहतीत राहणारे तीन मित्र, ज्यू कुटुंबातला विन्झ, कृष्णवर्णीय ह्यूबर्ट आणि अरब सईद, यांच्या साधारण एका दिवसाची ही कृष्णधवल गोष्ट आहे. पोलिसांच्या मारहाणीने त्यांच्या ओळखीचा अब्देल इस्पितळात मृत्यूशी झुंजतो आहे, वस्तीत आदल्या रात्री दंगल झाली आहे आणि पोलिसाचे हरवलेले पिस्तूल विन्झच्या हाती लागले आहे. १९९३ मध्ये माकोमे या सतरा वर्षांच्या मुलाचा पॅरिसच्या पोलीस ठाण्यात गोळी लागून मृत्यू झाला होता, त्या संतापातून हा चित्रपट जन्मला. तीन धर्मांची, तीन वर्णांची पोरे एकत्र का हिंडतात याचा खुलासा तो कुठेही करत नाही. ती एकाच वस्तीत वाढली आहेत, हे कारण त्याला पुरेसे वाटते आणि ते खरेही आहे.

मात्र विन्झच्या घरात आपण जातो, त्याची आजी आणि बहीण आपल्याला भेटतात. ह्यूबर्टच्या घरातही जातो, आईच्या हाती पैसे ठेवणारा मुलगा पाहतो, आणि बाहेर मुष्टियुद्ध खेळणारा हा दांडगा तरुण घरात किती हळू आवाजात बोलतो हे आपल्या लक्षात राहते. सईद मात्र इमारतीखाली उभा राहून मित्राला हाका मारतो. त्याच्या स्वतःच्या घरात कॅमेरा शिरत नाही. तिघांत सर्वांत जास्त बोलणारा आणि हसवणारा हा मुलगा घरी कसा वागतो, कोणाला घाबरतो, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. मुलींच्या वाट्याला तर त्याहूनही कमी येते. पडद्यावर कोण कोण दिसते याची मोजणी केली तर हा चित्रपट चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होईल, पण कोणाच्या स्वयंपाकघरापर्यंत आपण पोचलो, हे विचारले की हिशेब बदलतो.

सोलापूरकराला हा प्रश्न परका वाटू नये. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही नावे ओळीने वाचली तरी शहराची घडण कळते. पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि कट्ट्यावर दखनी बोलणारा मुलगा ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि बाळीवेशीकडे वळलात की त्यात कानडीची भर पडते. तरीही पडद्यावर सोलापूरचा म्हणून जो माणूस येतो, तो बहुधा एकाच ठसक्याची मराठी बोलतो.

उद्या कोणी पूर्व भागातल्या पोराच्या वयात येण्याची गोष्ट चित्रित करायला घेतली, तर यंत्रमागाचा खडखडाट आणि चौकातली मारामारी सहज सापडेल. परंतु त्या पोराच्या शाळेची फी बहुतेक वेळा विड्या वळणाऱ्या आईच्या मजुरीतून भरलेली असते. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात चिमूटभर तंबाखू भरून पान वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा; मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने आणि तीही ज्या पसंत पडतील तेवढ्यांचीच. शेजारी बसून दोरा बांधणारी बहीण त्याच्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठी असते. तिचेही वयात येणे याच शहरात घडत असते, आणि चित्रपटवाल्यांना ते दिसत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सोलापुरातल्या सेटलमेंट या वस्तीतल्या मुलांविषयी तर आणखी जपून लिहावे लागेल. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांच्यावरचा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; पण कथेत चोर हवा असला की लेखकाची लेखणी आजही आधी तिकडेच वळते. वास्तववादी म्हणवणाऱ्या चित्रपटाने अशा वस्तीतला मुलगा फक्त चाकूसह दाखवला, तर तो जुन्या पोलीस नोंदवहीचीच नक्कल करतो.

वस्तीतली मुले निवडली की काम झाले, असेही मी मानत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’मध्ये हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेला नायक केले, आणि ते सार्थ ठरले याचे कारण त्या मुलाच्या घराची गोष्टही चित्रपटात तितक्याच बारकाईने आली. ते खेड्याचे चित्र होते. शहरी सोलापूरचे असे चित्र काढू पाहणाऱ्याने विडी कामगारांच्या विडी घरकुल या वसाहतीत काही महिने राहावे, संवाद लिहिण्याआधी तिथली तेलुगू कानावर पडू द्यावी, आणि नायकाच्या बहिणीला तिची स्वतःची मैत्रीण, स्वतःचा राग आणि घराबाहेरचा किमान एक संपूर्ण प्रसंग द्यावा.