सकाळी आठच्या आत केना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिरायला सोबत येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "वनस्पतीशास्त्र तुमचा विषय नव्हता, मग रस्त्याकडेची ही फुलं एवढी कशी कळतात?"

सुरुवात केन्यापासून झाली. आई श्रावणात केन्याच्या पानांची भजी करायची, त्यामुळे पान ओळखीचं होतं. फूल मात्र चाळिशी येईपर्यंत नीट पाहिलंच नव्हतं. मी बाहेर पडायचे संध्याकाळी, आणि केन्याचं फूल सकाळी उमलतं नि दुपारपर्यंत विरघळून जातं. एका पावसाळ्यात सकाळी बसस्टॉपकडे जाताना गटाराच्या कडेला तो निळा ठिपका दिसला आणि मी उकिडवी बसले.

दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, खाली तिसरी अगदी लहान. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं याच्या प्रजातीला कॉमेलिना नाव दिलं ते डच कॉमेलिन घराण्यातल्या तिघांवरून. दोघांनी वनस्पतीशास्त्रात नाव कमावलं, तिसरा काही हातून घडायच्या आतच गेला. ती लहान पाकळी त्याची. हे वाचल्यापासून मी आधी तिसरी पाकळी शोधते.

फुलात मध नसतो. वरचे पिवळेजर्द पुंकेसर परागांनी भरलेले वाटतात, पण ते बहुतेक दिखाव्याचे. कामाचे पुंकेसर खाली असतात. पिवळ्या रंगाला भुलून माशी येते आणि तिच्या अंगाला खालचे पराग लागतात.

आणि खरी गंमत मातीखाली आहे. एकदा झाड हळूच मुळासकट उपसलं तर पांढऱ्या कोंबांवर इवल्याशा बंद कळ्या होत्या. मला वाटलं, कीड लागली. ती फुलंच होती! कधीही न उमलणारी, अंधारातच स्वतःचं परागीभवन उरकून बी धरणारी. शेतात बायका केना खुरपून खुरपून थकतात त्याचं एक कारण हे. वरचं उपटलं तरी खाली बी तयार असतं, आणि तुटलेल्या पेराला पुन्हा मुळं फुटतात. आपल्याकडचा हाच केना अमेरिकेत जॉर्जियातल्या कापूस-शेतकऱ्यांना नकोसा झालाय.

उलट दिशेनंही प्रवास झालेत. खरचटलं की जिचा पाला चोळून लावतात ती एकदांडी मूळची मध्य अमेरिकेतली. घाणेरीही तिकडचीच. तिच्या गुच्छात मधली पिवळी फुलं ताजी, कडेची गुलाबी झालेली जुनी. फुलपाखरं बहुतेक पिवळ्यांवरच सोंड लावतात. दहा मिनिटं उभं राहिलं तर हे कुणालाही दिसतं, पुस्तक लागत नाही.

म्हणून माझं उत्तर एवढंच असतं, की यादी पाठ करू नका. कासला जरूर जा, पण त्याआधी फाटकापासून स्टॉपपर्यंतचं एक झाड धरा आणि वर्षभर त्याच्याकडे जात राहा. कधी उमलतं, कोण येतं, बी कसं पडतं, पाऊस गेल्यावर काय उरतं. नाव नंतर कळलं तरी चालतं. मला एकदांडीच्या बीचे पिसारे वाऱ्यावर सुटताना दिसायला दुसरा पावसाळा उजाडला.

केन्यासाठी मात्र सकाळी आठच्या आत निघा.