जीटी म्हणजे काय रे मामा?

आज भाचीला घेऊन सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, रेगाटाला (होड्यांच्या सोहळ्याला) गेलो होतो. 1928 पासून मुळेच्या पाण्यावर चालत आलेला सोहळा. 1854 सालचं आमचं कॉलेज 2022 मध्ये विद्यापीठ झालं, पण बोट क्लबच्या पायऱ्यांवर बसलं की मला अजूनही ते कॉलेजच वाटतं.

कयाक बॅले, म्हणजे छोट्या होड्यांचा पाण्यावरचा नाच, सुरू व्हायची वाट बघताना शेजारी जुन्या बॅचची मंडळी भेटली आणि सगळी भाषा परत तोंडात आली. केटी (राहिलेला विषय), वायडी (वाया गेलेलं वर्ष), पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी), सबमिशन... भाची पहिल्या वर्षाला आहे, तिला बाकीचं कळत होतं. जीटीवर मात्र अडली. "जीटी म्हणजे काय रे मामा?"

ग्लास ट्रेसिंग गं! हॉस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली टेबललॅम्प, काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि खालून दिसणाऱ्या रेषा गिरवायच्या. रात्रभर चौघं त्या एका उजेडाभोवती वाकलेले. काच इतकी तापायची की मनगट टेकवताना चटका बसायचा. भाचीची ड्रॉइंग आता कॉम्प्युटरवर होतात, म्हणजे जीटी हा शब्द आमच्याबरोबरच जाणार. खरंच वाईट वाटलं.

मग अंधार पडला, पंट, म्हणजे सपाट तळाच्या होड्या, निघाल्या. हातात मशाली घेतलेली पोरं, पाण्यात थरथरणारी त्यांची रांग. घसा बसेपर्यंत ओरडलो. भाचीही ओरडत होती. घरी येताना म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी मी पंटवर असणार."